शेतातील मापे आणि त्यांचे रूपांतर

खताच्या शिफारशी बहुधा हेक्टरी किलोग्रॅममध्ये दिलेल्या असतात. सातबाराच्या उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत असते. शेतकरी मात्र आपले शेत एकर-गुंठ्यांत सांगतो, धान्य क्विंटलमध्ये विकतो, घरी पायलीने मोजतो, कालव्याचे पाणी क्युसेकमध्ये ऐकतो आणि पाऊस मिलिमीटरमध्ये वाचतो. एवढ्या निरनिराळ्या मापांतून एकच निर्णय काढावयाचा असतो : किती खत घालावे, किती वेळ पंप चालवावा, पंपात किती औषध ओतावे. हा निर्णय चुकला तर त्याचे कारण पुष्कळदा अज्ञान नसते. शिफारस बरोबर असते, शेतकऱ्याची मेहनतही बरोबर असते, फक्त एका मापातून दुसऱ्या मापात जाताना आकडा घसरलेला असतो. अशी घसरण नेमकी कोठे होते आणि ती कशी टाळावी, याचा विचार येथे केला आहे.

मापांची ही सरमिसळ एकाएकी झालेली नाही. पेशवाईत जमीन काठी, पांड, बिघा व चाहूर यांनी मोजली जाई. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चाहूर असे कोष्टक होते. काठीची लांबी पाच हात व पाच मुठी. हात कोणाचा, हा प्रश्न अर्थातच शिल्लक राही. इंग्रजी अमदानीत, १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी जी मोजणी व जमाबंदी सुरू केली, तिच्यात एकर व गुंठा ही मापे रुजली. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली वजने व मापे यांचा प्रमाण कायदा झाला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम निवडक भागांत व्यवहारात आला. आज त्या कायद्याची जागा २००९ च्या वैध मापन कायद्याने घेतली आहे. कायद्यातून शेर गेला, मण गेला. गावाच्या बोलण्यातून मात्र ते गेले नाहीत. गुंठा तर जावा असे कोणाला वाटतही नाही. म्हणून दोन्ही भाषा येणे हेच शहाणपणाचे आहे.

जमिनीचे माप

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा चौरस. त्याचे क्षेत्रफळ १,०८९ चौरस फूट, म्हणजेच १२१ चौरस वार. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांचीच असे आणि तिचे सोळा आणे केलेले असत. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून एकराचे ४३,५६० चौरस फूट. मेट्रिक पद्धतीत १० मीटर लांब व १० मीटर रुंद चौरसास आर म्हणतात व शंभर आरांचा हेक्टर होतो.

आता योगायोग असा की, गुंठा १०१.१७ चौरस मीटरांचा आहे आणि आर १०० चौरस मीटरांचा. दोन्ही जवळजवळ सारखे. शेकडा सव्वा टक्क्याचाही फरक नाही. त्यामुळे ‘आर म्हणजेच गुंठा’ असे गावात सर्रास म्हटले जाते, आणि लहान वाफ्यापुरते ते चालूनही जाते. घोटाळा पुढच्या पायरीवर होतो. गुंठे चाळीस झाले की एकर होतो, आर शंभर झाले की हेक्टर होतो. सातबारावर १.२० असा आकडा असेल तर तो एक हेक्टर वीस आर होय. त्यास एक एकर वीस गुंठे समजणारे अनेक आढळतात. एक हेक्टर वीस आर म्हणजे २.९७ एकर, अर्थात दोन एकर साडेअडतीस गुंठे; आणि एक एकर वीस गुंठे म्हणजे दीड एकर, सुमारे ६१ आर. एक दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. पीक विम्याचा अर्ज, कर्जाचा अर्ज, बियाण्याची मागणी, या सर्वांत हा एकच आकडा पुढे पुढे जात असतो. पहिल्या ठिकाणी चुकला की सर्व कागद चुकतात.

त्याच आकड्यात आणखी एक खाच आहे. एक एकर वीस गुंठे हे क्षेत्र १.२० असे लिहून गणकयंत्रात घातले तर यंत्र त्यास एक पूर्णांक दोन दशांश एकर समजते. वस्तुतः ते १.५ एकर आहे. गुंठ्यांचे दशांशात रूपांतर करावयाचे तर गुंठ्यांस चाळीसने भागावे लागते. दहा गुंठे म्हणजे ०.२५ एकर, पंचवीस गुंठे म्हणजे ०.६२५ एकर. हेक्टर-आरांना ही अडचण नाही, कारण तेथे शंभराचाच हिशोब आहे. मात्र पाच आर हे ०.०५ हेक्टर असे लिहावयाचे, ०.५ असे नव्हे. शून्य गळले की पाच आरांचे पन्नास होतात.

लक्षात ठेवावयाचे आकडे फार नाहीत. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर, एक एकर म्हणजे ४०.४७ आर किंवा ४,०४७ चौरस मीटर. तोंडी हिशोबासाठी हेक्टरचे अडीच एकर व एकराचे चाळीस आर धरले तरी चूक फार तर सव्वा टक्क्याची होते. खत व बियाणे यांना एवढी सूट खपते. जमिनीच्या खरेदीखतास ती खपत नाही.

शेत प्रत्यक्ष मोजण्याची वेळ आली म्हणजे सर्वांत मोठी चूक आकारामुळे होते. चौकोनी शेताच्या समोरासमोरील बाजूंची सरासरी काढून त्या सरासऱ्यांचा गुणाकार करण्याची रीत फार जुनी व फार सोयीची आहे. पण शेताचे कोपरे काटकोनात नसतील तर ही रीत नेहमी क्षेत्र जास्तच दाखविते, कधी कमी दाखवीत नाही. मजुरीवर किंवा भाड्याच्या यंत्राने एकरी दराने काम करवून घेणाऱ्यास हे कळणे अगत्याचे आहे. उदाहरण पाहावे. एका शेताच्या चार बाजू क्रमाने ५०, ८९.४, ४८.८ व ८२.३ मीटर आहेत. सरासरीच्या रीतीने ४९.४ गुणिले ८५.९, म्हणजे सुमारे ४२.४ आर क्षेत्र निघते. त्याच शेतात एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली असता ती ११० मीटर भरली, आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांपासून दोरीवर टाकलेले लंब ४० व ३४ मीटर भरले. दोन लंबांची बेरीज ७४. तिला ११० ने गुणून निम्मे केले की ४,०७० चौरस मीटर, म्हणजे ४०.७ आर. हेच खरे क्षेत्र. पावणेदोन आरांचा फरक केवळ रीतीमुळे पडला. मीटरचा फीत व एक दोरी एवढ्या साहित्यावर दोन माणसांस हे काम अर्ध्या तासात करता येते. उताराच्या जमिनीवर फीत उताराच्या अंगाने न टेकता सपाट धरावा, कारण क्षेत्र नेहमी सपाटीचे धरले जाते.

शेवटी एक गोष्ट. उताऱ्यावरील एकूण क्षेत्रात पोटखराबा असतो, बांध असतात, विहीर असते. खताचा व बियाण्याचा हिशोब पिकाखालील क्षेत्रावर करावयाचा, उताऱ्यावरील एकूण आकड्यावर नाही.

खताची गोणी व शिफारशीचा आकडा

खताच्या शिफारशीत तीन आकडे असतात : नत्र, स्फुरद व पालाश. हे आकडे अन्नद्रव्याचे असतात, खताचे नसतात. आणि बहुधा हेक्टरी असतात. म्हणून दोन पायऱ्या करावयाच्या. प्रथम हेक्टरचे एकर करावयाचे, नंतर अन्नद्रव्याचे खत करावयाचे. दोन्ही पायऱ्या एकदम करू गेल्यास गोंधळ होतो.

समजा बागायती गव्हास हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश द्यावयाचा आहे आणि शेत एक एकराचे आहे. तिन्ही आकड्यांस २.४७ ने भागले असता नत्र ४८.६, स्फुरद २४.३ व पालाश १६.२ किलो येतो. ही पहिली पायरी झाली. आता युरियात शेकडा ४६ भाग नत्र आहे. ४८.६ ला ४६ ने भागून शंभराने गुणले की १०५.६ किलो युरिया. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये शेकडा १६ भाग स्फुरद असतो, तेव्हा त्याचे १५२ किलो, म्हणजे ५० किलोच्या तीन गोण्या. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश धरला तर २७ किलो पुरते.

हेक्टरी शिफारस जशीच्या तशी एकरास लावली तर युरिया १०५ किलोऐवजी २६१ किलो पडतो. पैसा जातो हे उघडच आहे. पण त्याहून वाईट असे की, नत्र फाजील झाल्याने गहू उंच वाढून लोळतो, कोवळेपणामुळे किडी-रोगास बळी पडतो, आणि पिकास न लागलेल्या नत्राचा भाग पाण्याबरोबर खाली विहिरीपर्यंत झिरपतो. उलट चूकही घडते. एकरी सांगितलेला आकडा हेक्टरी समजून त्याचे पुन्हा अडीच भाग करणारा शेतकरी पीक उपाशी ठेवतो, आणि दोष बियाण्याला देतो. शिफारस ऐकताना ‘एकरी की हेक्टरी’ हा प्रश्न विचारण्यात संकोच मानू नये. सांगणाऱ्यानेही तो शब्द गाळू नये.

गोणीचेही वजन पाहिले पाहिजे. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची होती. २०१८ पासून ती ४५ किलोची झाली. पन्नास किलोच्या गोणीतून २३ किलो नत्र मिळत असे, आता २०.७ किलो मिळतो. ‘एकरी दोन गोण्या’ या सवयीवर चालणाऱ्याच्या शेतात त्यामुळे साडेचार किलो नत्र न सांगता कमी पडू लागला. सवयीचे माप हे माप नव्हे, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

डायअमोनियम फॉस्फेट वापरावयाचे असेल तर हिशोबास थोडी कलाटणी मिळते. त्याच्या ५० किलोच्या एका गोणीत ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद असतो. वरील एकरभर गव्हास एक गोणी दिली की स्फुरदाची गरज जवळजवळ भागते व ९ किलो नत्रही मिळून जातो. उरतो ३९.६ किलो नत्र. त्यास ८६ किलो युरिया लागतो, म्हणजे दोन गोण्यांना चार किलो कमी. डायअमोनियम फॉस्फेटमधील नत्र वजा न करता पूर्ण युरिया टाकणे ही नेहमी दिसणारी चूक आहे. गुंठ्यावर आणावयाचे झाल्यास एकराच्या आकड्यास चाळीसने भागावे. १०५.६ किलो युरिया म्हणजे गुंठ्यास २ किलो ६४० ग्रॅम; हा एकदा तराजूने तोलून डब्यावर खूण करून ठेवला म्हणजे पुढे गुंठ्यागुंठ्याचे वाफे डब्यानेच उरकता येतात. त्या डब्याने दुसरे खत मात्र मोजू नये, कारण एकाच डब्यात युरिया व सुपर फॉस्फेट सारख्या वजनाचे मावत नाहीत.

माती परीक्षणाच्या अहवालात सूक्ष्म अन्नद्रव्ये दशलक्षांशात, म्हणजे पीपीएममध्ये दिलेली असतात. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन साधारणपणे २२ लाख ४० हजार किलो धरतात. म्हणून पीपीएमच्या आकड्यास २.२४ ने गुणले की हेक्टरी किलोग्रॅम मिळतात. अहवालाचा अर्थ लावण्यापुरते एवढे पुरे.

पाणी : वेळाने नव्हे, खोलीने

पाण्याच्या मापाकडे शेतकऱ्याचे लक्ष सर्वांत कमी असते. पाणी ‘चार तास दिले’ असे सांगितले जाते. चार तासांत किती आले, हे कोणी सांगत नाही. पिकास तास कळत नाहीत. जमिनीवर किती खोलीचा थर साचला असता एवढे पाणी मिळाले, हेच त्यास कळते.

येथे मेट्रिक पद्धतीचा खरा उपयोग दिसतो. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी सारखे पसरले तर बरोबर एक मिलिमीटर थर होतो. यापुढचे सर्व आपोआप निघते. गुंठ्यावर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे १०१ लिटर, एकरावर ४,०४७ लिटर, हेक्टरवर १०,००० लिटर किंवा १० घनमीटर. पावसाचे मोजमापही हेच आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याचा अर्थ दर चौरस मीटरवर ९४४ लिटर पाणी पडले. दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद पत्र्याच्या छपरावर २० मिलिमीटरची सर आली तर हजार लिटर पाणी पडते. जुने लोक पाऊस इंचांत सांगतात. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, चार इंच पाऊस म्हणजे शंभर मिलिमीटर असे तोंडी धरावे.

आता विहिरीचा पंप किती पाणी टाकतो हे काढावयाचे. त्यासाठी कोणतेही यंत्र नको. दोनशे लिटरचे पिंप नळाच्या तोंडाशी ठेवावे आणि ते भरण्यास किती सेकंद लागतात हे घड्याळावर पाहावे. तीन वेळा पाहून सरासरी घ्यावी. समजा २५ सेकंद लागले. २०० ला २५ ने भागता सेकंदास ८ लिटर; ३,६०० ने गुणता तासास २८,८०० लिटर, म्हणजे २८.८ घनमीटर. एका एकरास ६ सेंटिमीटर पाणी द्यावयाचे आहे. ४,०४७ चौरस मीटरांस ०.०६ ने गुणले की २४३ घनमीटर. त्यास २८.८ ने भागले असता ८.४ तास येतात, म्हणजे जवळजवळ आठ तास पंचवीस मिनिटे. वीज आठ तासच मिळत असेल तर एकराची पाळी एका दिवसात पुरी होणार नाही, हे पेरणीपूर्वीच कळून येते. मातीच्या पाटातून पाणी न्यावयाचे असेल तर वाटेत मुरणारे पाणी वेगळेच. अशा वेळी पिकाचे क्षेत्र कमी धरणे, किंवा सऱ्या आखूड करून पाणी थोडे व सारखे देणे, हा निर्णय घ्यावा लागतो. पिंप भरून पाहण्याच्या पाच मिनिटांच्या कष्टाने जो निर्णय साधतो तो ऐन उन्हाळ्यात पीक वाळू लागल्यावर साधत नाही.

हीच मोजणी उन्हाळ्यात पुन्हा करावी. पाणी खोल गेले की तोच पंप कमी पाणी टाकतो. पाच अश्वशक्तीचा पंप २० मीटर एकूण उंचीवर पाणी चढवीत असेल व पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली, तर सेकंदास सुमारे साडेनऊ लिटर पाणी येते. उंची ३० मीटर झाली की त्याच हिशोबाने सहा लिटरांच्या आसपास उरते. वेळ तोच, पाणी दोनतृतीयांश.

कालव्याच्या पाण्याचा प्रवाह अद्याप क्युसेकमध्ये बोलला जातो. सेकंदास एक घनफूट म्हणजे एक क्युसेक, अर्थात २८.३ लिटर. त्याची एक सोय विसरण्याजोगी नाही : एक क्युसेक पाणी एक तास सोडले तर एका एकरावर जवळजवळ बरोबर एक इंच पाणी होते. तासाचे ३,६०० घनफूट आणि एकर-इंचाचे ३,६३०. तीस घनफुटांचा फरक कोणाच्याही शेतात दिसणार नाही. चारीवर दोन क्युसेक पाणी असेल व तीन एकरांस तीन इंच द्यावयाचे असेल, तर नऊ एकर-इंचांस दोनने भागून साडेचार तासांची पाळी मागावी. पाणी वापर संस्थेच्या बैठकीत तंटे होतात ते बहुतेक तासांवरून. प्रवाह व खोली हे दोन आकडे समोर ठेवले तर तंट्यास जागा कमी राहते.

वर्तमानपत्रांत धरणांचा साठा टीएमसीत येतो. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट; मेट्रिक मापात २८.३ दशलक्ष घनमीटर. कोयना धरणाचा सुमारे १०५ टीएमसी साठा म्हणजे जवळजवळ २,९८० दशलक्ष घनमीटर. पुराच्या दिवसांत विसर्ग क्युसेकमध्ये व साठा टीएमसीत सांगितला जातो आणि दोहोंचा मेळ लागत नाही. ११,५७४ क्युसेकचा विसर्ग चोवीस तास सारखा चालला की एक टीएमसी पाणी जाते, एवढे नदीकाठच्या गावांनी लक्षात ठेवावे. क्युमेक हे निराळे माप आहे. तो सेकंदास एक घनमीटर असून ३५.३ क्युसेकांबरोबर असतो. एका अक्षराच्या फरकाने आकडा पस्तीसपट होतो, म्हणून सूचना पुढे कळविणाऱ्याने शब्द नीट ऐकावा.

ठिबक सिंचनाचा हिशोब तर वरील एका वाक्यातच आहे. नळ्यांमधील अंतर दीड मीटर, तोट्यांमधील अंतर ४० सेंटिमीटर. म्हणजे एका तोटीच्या वाट्यास ०.६ चौरस मीटर जागा आली. तोटी तासास ४ लिटर टाकते. ४ ला ०.६ ने भागले की तासास ६.७ मिलिमीटर. पिकाची त्या दिवसाची गरज ५ मिलिमीटर असेल तर पाऊण तास पुरे. संच बसला आहे म्हणून तो तीन तास चालू ठेवणे हे ठिबक नव्हे.

औषधाचे प्रमाण

मापाच्या चुकीने खत वाया जाते, पाणी वाया जाते. औषधाच्या चुकीत माणूस सापडतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेस कारणे अनेक होती आणि केवळ मापाने ती टळली असती असे म्हणता येणार नाही. तथापि बाटलीच्या झाकणाने, अंदाजाने, ‘थोडे जास्तच बरे’ म्हणून औषध ओतण्याची सवय सुटली पाहिजे, यात शंका नाही.

शिफारस बहुधा दहा लिटर पाण्यास अमुक मिलिलिटर अशी असते. पाठीवरचा पंप मात्र आता पंधरा-सोळा लिटरचाही असतो. दहा लिटरांस १० मिलिलिटर सांगितले असेल तर सोळा लिटरांस १६ मिलिलिटर घ्यावयाचे. शिफारस टक्क्यांत असेल तेव्हा हवे असलेले प्रमाण पाण्याने गुणून बाटलीवरील प्रमाणाने भागावे. ३० टक्के क्रियाशील घटकाच्या औषधापासून ०.०३ टक्क्याचे दहा लिटर द्रावण करावयाचे असल्यास ०.०३ गुणिले १०,००० मिलिलिटर भागिले ३०, म्हणजे १० मिलिलिटर. निंबोळी अर्क ५ टक्क्यांचा म्हणजे शंभर लिटर द्रावणास पाच किलो निंबोळ्या. पातळ औषध मिलिलिटरने व भुकटी ग्रॅमने मोजावी. दोहोंस एकच माप लावू नये. यांत्रिक फवारणीत पाणी कमी लागते, तेथे दर लिटरचे प्रमाण न पाहता दर एकराचे पाहावे. स्वयंपाकघरातील चमचा या कामास कधीही घेऊ नये, आणि घेतला गेलाच तर तो पुन्हा घरात नेऊ नये.

द्राक्षबागेत जिबरेलिक आम्ल पीपीएममध्ये सांगतात. एक पीपीएम म्हणजे एका लिटरात एक मिलिग्रॅम. दोनशे लिटर पाण्यात १० पीपीएमसाठी २,००० मिलिग्रॅम, म्हणजे दोन ग्रॅम लागते. भुकटी ९० टक्के शुद्ध असेल तर २.२ ग्रॅम. एक शून्य वाढले तर वीस ग्रॅम पडून शंभर पीपीएम होतात व घडांचे जे व्हावयाचे ते होते. दोन ग्रॅम तोलण्यास किराण्याचा काटा चालत नाही. लहान काटा विकत घेणे बागेच्या नुकसानीपेक्षा नेहमीच स्वस्त पडते.

धान्य : मापी व तोली

पायली, अडशेरी, शेर, मापटे, चिपटे ही घनफळाची मापे आहेत. पायली बहुधा चार शेरांची, पण मण किती पायल्यांचा हे मुलूखपरत्वे बदलते. त्यामुळे पायलीभर गव्हाचे वजन, पायलीभर भाताचे वजन व पायलीभर ज्वारीचे वजन वेगवेगळे भरते. टरफलासकटचे भात तर गव्हाहून पुष्कळच हलके. पायलीचे किलो सरसकट एकच सांगणारे कोष्टक कोठे छापलेले आढळले तर त्यावर विश्वास ठेवू नये. तोली मणही एक नव्हता. चाळीस शेरांचा पक्का मण ३७.३ किलोचा, तर मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोचा. कापसाची खंडी मुंबईत ७८४ पौंडांची होती. तिचेच आजचे रूप ३५६ किलोची खंडी होय, आणि रुईचे भाव अद्याप त्या खंडीवर निघतात. शेतकरी कापूस विकतो तो क्विंटलने व सरकीसकट. रुईच्या खंडीचा भाव वाचून आपल्या कापसाचा भाव काढू नये.

क्विंटलच्या व्यवहारात काट्याइतकीच ओलावा ही गोष्ट महत्त्वाची आहे. काट्यावर पडताळणीचा शिक्का आहे की नाही ते पाहावे. पण ओलाव्याचा हिशोब शेतकऱ्यानेच करावयाचा असतो. अठरा टक्के ओलाव्याचे शंभर किलो सोयाबीन वाळवून बारा टक्क्यांवर आणले तर सहा किलो घट येईल, असे सर्वांस वाटते. तसे होत नाही. शंभर किलोत कोरडा भाग ८२ किलो. तो वाळल्यावर ८८ टक्के होतो, म्हणून ८२ ला ०.८८ ने भागावे, ९३.२ किलो येतात. घट ६.८ किलोची. ओले सोयाबीन आज विकावे की वाळवून विकावे हे ठरविताना दोन्ही भावांची तुलना या आकड्यावरून करावी. ओल्या मालास क्विंटलला मिळणारा भाव कोरड्या मालाच्या भावाच्या ९३ टक्क्यांहून कमी असेल, तर वाळवणीची मजुरी व जागा यांचा खर्च वजा जाता काय उरते ते पाहावे.

उत्पन्न काढणे

हेक्टरी उत्पन्न काढण्यासाठी पीक कापणी प्रयोग केला जातो. नमुना पद्धतीने निवडलेल्या शेतात लहान तुकडा आखून तेवढेच पीक कापण्याची ही शास्त्रीय रीत १९४० नंतरच्या दशकात भारतात रूढ करण्यात डॉ. पां. वा. सुखात्मे व डॉ. वि. गो. पानसे यांचा मोठा वाटा आहे. सुखात्मे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. त्या काळी तुकडा ३३ फूट लांब व साडेसोळा फूट रुंद, म्हणजे नेमका अर्धा गुंठा असे. आता बहुतेक अन्नधान्य पिकांस तो १० मीटर लांब व ५ मीटर रुंद घेतात. हे ५० चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. त्यामुळे हिशोब सोपा होतो : तुकड्यातून जितके किलो धान्य निघेल त्याची दुप्पट केली की हेक्टरी क्विंटल मिळतात. साडेअकरा किलो निघाले तर हेक्टरी २३ क्विंटल, २.४७ ने भागता एकरी ९.३ क्विंटल.

पण हीच सोय चुकीलाही दोनशेपट करते. तुकड्यात अर्धा किलो कमीजास्त झाला की हेक्टरी एक क्विंटलचा फरक पडतो. दोरी सैल राहून तुकडा १०.३ मीटर लांब व ५.२ मीटर रुंद झाला, तर क्षेत्र ५० ऐवजी ५३.६ चौरस मीटर होते आणि उत्पन्न शेकडा सात जास्त दिसते. पीक विम्याची भरपाई ज्या मंडळात या प्रयोगांच्या सरासरीवर ठरते, तेथे ते सात टक्के एका शेताचे राहत नाहीत, त्या मंडळातील सर्व विमाधारकांच्या पदरात पडतात. म्हणून खुंट्या ठोकण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजावेत. १० व ५ मीटरच्या काटकोनी तुकड्याचे दोन्ही कर्ण ११ मीटर १८ सेंटिमीटर भरले पाहिजेत. दोरीवर येणारी रोपे आत धरावयाची की बाहेर, हे त्यांचे मूळ कोठे आहे यावरून ठरते, कणीस कोणीकडे झुकले आहे यावरून नव्हे. प्रयोगाच्या वेळी शेतकऱ्याने व गावातील जाणत्या मंडळींनी हजर राहावे, फीत स्वतः वाचावा, मळणीनंतरचे वजन व ओलावा नोंदवून घेतलेला पाहावा आणि मगच पंचनाम्यावर सही करावी.